पुराणातला आधार

पाच फण्यांचा नाग, पाण्यावर तरंगणारा दगड, असं काही मोबाइलवर आलं की पनवेलचे जगनशेठ ते लगेच घरच्या ग्रुपवर टाकत. धाकट्या बहिणीने उलव्याच्या जमिनीत वाटा मागितला, तेव्हा मात्र त्यांनी मजकूर स्वतःच रचला: ‘भावाकडे वाटा मागणाऱ्या बहिणीला सात जन्म माहेर मिळत नाही, असं पुराणात सांगितलंय.’

तासाभरात बहिणीचं उत्तर आलं, ‘चुकलं दादा. नको मला वाटा.’

“धर्मापुढं कायदा काय करनार?” म्हणत शेठ खुशीत चहा प्यायला बसले. दुपारी बायको भामा कोन गावी माहेरी जाऊन आली.

“अवो, बरं झालं तुमी ते पुराणातलं टाकलंत. माज्या वाट्यापायी तुमी माज्या दादाशी कोर्टात भांडताय, पाप मलाच लागलं असतं. हक्कसोडपत्रावर सही करून आले!”