कोपराची बेल

वायरमनने जाळीवाल्याला जाळीसकट परत पाठवलं. पण हे तुम्ही अजून ऐकलेलंच नाही असं समजा, कारण आत्ता बेल वाजतेय.

ट्रिंग. ट्रिंग. ट्रिंऽऽऽग.

वायरमनने दार उघडलं आणि सवयीने भिंतीला चिकटून उभा राहिला, वाट द्यायला. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. संध्याकाळचं पिवळं ऊन तेवढं पायरीवर येऊन बसलं होतं, आत जावं की नाही अशा विचारात. त्याने थोडा वेळ त्या उन्हालाच वाट दिली आणि दार लावून घेतलं.

अशी बेल जगात एकच माणूस वाजवायचं. त्याची बायको. ती रोपवाटिकेत कामाला होती आणि कुणीच विकत न घेतलेली, माना टाकलेली रोपं घरी आणायची. दोन्ही हातांत कुंड्या, म्हणून बेल कोपराने. कोपर दोनदा निसटायचं. तिसऱ्यांदा बसायचं ते हलायचंच नाही, आणि शेवटी घसरताना बेलचा आवाज जरा रडवेला व्हायचा. तेवढ्यात हा दार उघडून भिंतीला चिकटायचा. वीज कचेरीत अर्ज करून करून त्याची जीभच तशी वळली होती. घरी चहासुद्धा 'मिळण्याची कृपा व्हावी' असा मागायचा. "अर्ज विचाराधीन आहे," ती म्हणायची आणि कुंड्या मांडायला गॅलरीत निघून जायची.

थंडीत ती गेली. उन्हाळ्यात बेल परत यायला लागली.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. हा वायरमन होता. त्याला वाटलं, शॉर्ट आहे. त्याने बटण बदललं, मग वायर बदलली, मग मेन स्विच पाडून बसला. बेल वाजली. शेवटी त्याने बेलच उखडून टेबलावर ठेवली. ती टेबलावर गप्प होती आणि घरात वाजत होती. इतक्या वर्षांच्या धंद्यात असा फॉल्ट त्याला भेटला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो सापडूच नये, असं त्याला आताशा वाटायला लागलं होतं. दुपारपासूनच दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तो फॉल्टची वाट बघत बसायचा.

थोरली बहीण चार दिवस राहायला आली आणि आल्या आल्या गॅलरीत गेली. वाळलेल्या कुंड्या, कठड्यावर पांढरे डाग, कोपऱ्यात टांगलेल्या मीटरच्या रिकाम्या पेटीतून काड्या बाहेर आलेल्या.

"हे घर आहे की पाखरांची धर्मशाळा? जाळी मारून घे आधी."

"तू म्हणशील तसं, ताई," तो आतूनच म्हणाला. बायको गेल्यापासून त्याने गॅलरीत पाऊल टाकलं नव्हतं.

जाळीवाला आला तेव्हा उन्हं कलली होती. तो स्टुलावर चढून माप घेत होता, ताई आत टेबल पुसत होती. आणि बेल वाजली.

"अरे, दारात कोण आलंय बघ. बहिरा झालास का? बेल वाजतेय!"

"ताई, बेल तुझ्या हातात आहे."

ताईने हाताकडे पाहिलं. मग ती बेल तिने झुरळ सोडावं तशी सोडली.

"काका," गॅलरीतून जाळीवाला ओरडला, "ही तुमची साळुंकी बेल वाजवते हो!"

वायरमन गॅलरीच्या उंबऱ्याशी अडखळला, मग बाहेर आला. सुकलेल्या मोगऱ्याच्या कुंडीच्या काठावर एक साळुंकी उभी होती. डोळ्याभोवती पिवळी कड, चेहऱ्यावर सरकारी नोकरी. तिने गळा फुगवला. एक छोटी. आणखी एक छोटी. मग लांब, शेवटी घसरलेली, रडवेली. कोपरासकट.

ताई हळूच त्याच्यामागे येऊन उभी राहिली. आता हा कोसळणार, असं तिला वाटलं.

"किती नीट ऐकलंय हिने," तो म्हणाला. "मी नुसता दार उघडत होतो."

ऊन कुंड्यांवरून सरकत होतं.

"काका, घाण करतात ना फार?" जाळीवाल्याने विचारलं.

"नाही. बेल वाजवतात."

"मग जाळी दाराला मारू?"

"गुंडाळा."

पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

जाळीवाला गेल्यावर वायरमनने बादली भरून आणली आणि एकेका कुंडीत पाणी ओतलं. सुकी माती आधी नको म्हणाली, मग गटागट प्यायली. साळुंकी कठड्यावर सरकली आणि तिने पुन्हा बेल दिली. तो गॅलरीतून खोलीत आला, खोलीतून दाराशी गेला, दार उघडलं आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. या वेळी ऊन सरळ आत आलं. ताई वाटेतून बाजूला झाली.

"पण अरे, पाखराची जात ती," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ती तरी किती पुरणार तुला?"

मीटरच्या पेटीतून बारीक चिवचिव येत होती. वायरमनने ती ऐकली. शर्टाचं वरचं बटण लावलं, साळुंकीपुढे ताठ उभा राहिला आणि घसा खाकरला.

"महोदया, सदर बेल, तिसऱ्या वेळचं घसरणं न वगळता, आपल्या पिल्लांना व त्यांनी पुढे त्यांच्या पिल्लांना शिकवण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती."