रिकाम्या जागेत काय बसतं

"सर, तुम्ही अजून लग्न का केलं नाही?"

नाबोसाने विचारून टाकलं. मागच्या बाकावर बिरुंगीने तोंडात रुमाल कोंबला. पैज तिचीच होती. 'तुझी हिंमतच होणार नाही,' असं म्हणून तिने एक भाजलेलं कणीस लावलं होतं. ते गेलं.

ओकेलो सर रागावले नाहीत. शाळा सुटल्यावर ते शेवटच्या वर्षाच्या मुलींकडून कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घ्यायचे, आणि तर्काच्या पेपरात मुली नेमक्या कुठे आपटतात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं:

ज्याच्याकडे मुलीच्या बापाला द्यायला गाई असतात त्याचं लग्न होतं. ओकेलोकडे एकही गाय नाही. म्हणून ______

"भरा रिकामी जागा."

"ओकेलोचं लग्न होणार नाही!" अख्खा वर्ग ओरडला. सगळ्यात मोठा आवाज नाबोसाचा.

"शाब्बास. सगळ्याच्या सगळ्या नापास." सरांनी हात झटकले. "गाईवाल्यांचं होतं, एवढंच वर लिहिलंय. बिनगाईवाल्यांबद्दल कुणी काही बोललंय का? नाही. म्हणजे मला अजून आशा आहे."

वर्ग हसून हसून बाकांवर आडवा झाला.

"रिकाम्या जागेत तेवढंच बसतं, जेवढं वरच्या ओळींनी दिलंय. ऐकायला दणकेबाज वाटतं म्हणून जास्त कोंबायचं नाही. आणि नाबोसा, तू तर प्रश्न संपायच्या आधीच ओरडतेस. कुठे शिकलीस हे?"

कणीस खात घरी जाताना नाबोसाला ते कळलं. कुठे म्हणजे, घरीच.

तिचे वडील लुटाया हे त्या भागातले नावाजलेले बोलणारे. मागणी घालायला पाहुणे आले की मुलीच्या घरच्यांच्या वतीने बोलायचा मान त्यांचा. त्यांची एक हातोटी होती. वाक्य चढवत न्यायचं आणि शेवटच्या शब्दापाशी सोडून द्यायचं. तो शब्द समोरचे लोक एका सुरात म्हणायचे. एकदा स्वतःच्या तोंडाने म्हटलं, की मग नाही कसं म्हणणार? घरातही ते तसेच बोलायचे. "मीठ संपलं, आता जायचं... कुठे?" "दुकानात!" धाकटी नालुले बोबडं बोलायची तेव्हापासून ओरडत आली होती.

संध्याकाळी केळीच्या पानांत बांधलेला मटोके, म्हणजे वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचा लगदा, चुलीवरून उतरला. लुटाया खुर्चीत, बाकीच्या चटईवर.

"शनिवारी कंपालाला हिची परीक्षा," ते म्हणाले. "कालिसिझो गावच्या मागणीच्या बैठकीला येत नाही, असं मी कळवतोय. का? मुकासाची मुलगी कंपालाला एकटी गेली. प्रवासी व्हॅनमधून तिची पिशवी नेली... कुणी?"

"चोराने!" नालुले.

"नाम्पिजाची मुलगी एकटी गेली. ती जाऊन उतरली... कुठे?"

"भलतीकडेच!" आता आईही म्हणाली.

"म्हणून आमची नाबोसा शनिवारी जाणार... कुणाबरोबर?"

"तातांबरोबर!"

एक आवाज कमी होता. लुटायांचा कान तयार. त्यांना लगेच कळलं.

"नाबोसा?"

नाबोसाने ताट खाली ठेवलं. मोठ्यांशी बोलायच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकले.

"ताता, ते बसत नाही."

"काय बसत नाही?"

"रिकाम्या जागेत. मुकासाच्या मुलीने पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि झोपली. नाम्पिजाच्या मुलीला कंडक्टरला विचारायची लाज वाटली. यावरून एवढंच निघतं, की पिशवी मांडीवर घ्यावी आणि तोंडाने विचारावं. एकटीने जाऊच नये, हे कुठून आलं?"

"कुठून आलं?"

"तुमच्या आवाजातून."

नालुलेचा घास हातातच राहिला. आईने तोंड चुलीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"माझ्या आवाजातून," लुटाया म्हणाले.

"फार छान आवाज आहे, ताता. पण त्या पेपरात चालत नाही."

लुटायांनी बोटं पुसली. रागावलेला चेहरा करायचं त्यांच्या मनात होतं, पण ओठ ऐकत नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "एक बाजू बोलून झाली की दुसरीला बोलू द्यायचं असतं. बोला, बाईसाहेब."

नाबोसा गुडघ्यांवरच ताठ झाली. घसा खाकरला, अगदी त्यांच्यासारखा.

"पिशवी माझ्या मांडीवर असेल. कंडक्टरचं डोकं मी विचारून विचारून खाईन. ताता कालिसिझोला जातील, कारण तिथली मुलगी दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने सासरी जायला तयारच होणार नाही. म्हणून शनिवारी मी परीक्षेला जाणार... कशी?"

नालुलेने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. लुटाया छताकडे बघत राहिले.

पानांची दुसरी गाठ सोडता सोडता आई म्हणाली, "एकटी."