एकाच्याच हाती

"आजपासून सर्व्हरवरच्या फाइली एकाच माणसाला बदलता येतील," सर्व्हर सांभाळणाऱ्या शर्वाणीने जाहीर केलं. आतापर्यंत ऑफिसातल्या आम्हा अकराही जणांना सगळं खुलं होतं. त्यातूनच सोमवारी कुणीतरी एका दवाखान्याची अख्खी वेबसाइट उडवली होती.

"आम्हाला कशाला शिक्षा?" मी तडकलो. "एकट्या खोपकरचे अधिकार काढ ना!" ते काम त्याचंच असं धरून सोमवारपासून आमच्यातलं कुणी खोपकरला चहालाही बोलवत नव्हतं.

"कुणी काय बदललं त्याच्या सगळ्या नोंदी मी काल तपासल्या," ती म्हणाली. "वेबसाइट माझ्या हातून उडाली."

तिने आपला लॅपटॉप उचलला आणि खोपकरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"तो एक माणूस म्हणजे तू. सगळ्यात आधी माझे अधिकार काढ."