मनोजचं वाक्य

पासवर्ड पुन्हा चुकला. सोनालीने फोन पालथा ठेवला आणि कपाळाला हात लावला.

तिचा नवरा मनोज अपघातात गेला आणि त्याच्या फोनचाही चुरा झाला. पण लेकीचे सगळे व्हिडिओ, तिच्याशी बोबडं बोलणारा त्याचा आवाज, सगळं इंटरनेटवर त्याच्या खात्यात सुखरूप होतं. लेक अजून रांगत होती. ते खातं उघडलं नाही, तर आपला बाप कसा बोलायचा हे तिला जन्मात कळणार नव्हतं.

मनोजची तऱ्हाच न्यारी. तो पासवर्ड कुठेच साठवत नसे. मनातलं एक वाक्य आणि वेबसाइटचं नाव एका अ‍ॅपमध्ये घालायचं, की गिरणीतून पीठ पडावं तसा लांबलचक पासवर्ड बाहेर पडायचा. प्रत्येक साइटचा वेगळा, पण त्या साइटचा दरवेळी तोच. वाक्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं, तरी सगळाच बदलायचा. सोनालीने देवाचं, गावाचं, लेकीचं नाव घालून पाहिलं. कशानेच डाळ शिजेना.

शेवटी तिने खोपोलीच्या कारखान्यातल्या त्याच्या मित्राला, स्वप्नीलला, लोधिवलीला घरी बोलावलं. त्याने चहा घेतला. मग म्हणाला, "वहिनी, ते वाक्य म्हंजी तुमचा उखाणा हाय. लग्नात दारात घेतलेला. मनोज म्हणायचा, मी विसरलो तरी सोनाली हाय ना."

सोनालीने मान हलवली.

"मला नाय आठवत, भावजी."

त्या दिवशी नणंद दार अडवून उभी होती, एवढंच तिच्या ध्यानात होतं. पोटात कावळे ओरडत होते. जाऊबाईने कानात सांगितलं ते तिने एका दमात म्हणून टाकलं नि सुटली. आता जाऊबाईला विचारलं, तर ती म्हणाली, गावातल्या निम्म्या नव्या सुनांना मीच उखाणे सांगितले, तुला कुठला दिला कोणाला ठाऊक.

नणंदेने लग्नाचा व्हिडिओ लावला. व्हिडिओवाल्याने त्या प्रसंगावर सनई चढवली होती. सोनालीचे नुसते ओठ हलत होते. ते ओठ वाचायला ती परत परत तेवढंच बघत राहिली, आणि मग तिची नजर शेजारी गेली. दारातली सगळी माणसं हसत-खिदळत होती. ती स्वतः खाली बघून पुटपुटत होती. एकटा मनोज तिच्याकडे मान वळवून, जिवाचा कान करून ऐकत होता.