लॅपटॉपला भंडारा

ऋतिकनं काळ्या लॅपटॉपच्या झाकणाचे दोन कोपरे धरले आणि ओलं धुणं पिळावं तसं पिळून दाखवलं.

"बघा मंडळी, कुरकुरला का? नाय! अख्खी बॉडी ॲल्युमिनियमची, ठोकळ्यातनं कोरून काढलेली. आन हा दुसरा. हात लावला की कळतंय, प्लास्टिक. बादलीचा मावसभाऊ!"

स्टँडवरच्या मोबाईलवर लाईव्ह चालू होतं. मागं मुद्दाम शर्यतीचा बैल बांधलेला, गावरान वाटावं म्हणून. राजुरीची निम्मी आळी अंगणात जमली होती आणि टेबलाच्या मागच्या खुर्चीत हे दोन्ही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा सूरज बसला होता, पुण्याहून आलेला, पांढऱ्याशुभ्र शर्टातला.

दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या अश्विनीच्या अंगाचा तिळपापड झाला. बादलीचा मावसभाऊ म्हणे! ते वाक्य तिचं होतं. झाकण पिळायची परीक्षा तिची, एका बोटानं उघडून बिजागरी तपासायची युक्ती तिची, आणि 'घाटातला गेमर' हे चॅनलसुद्धा दोघांनी मिळून काढलेलं. दिवाळी झाली आणि ह्या चुलतभावानं गुपचूप पासवर्ड बदलला. वर तोंड करून म्हणाला, आता मी एकटाच बास. तिनं लिहून ठेवलेलं मात्र सगळं वापरत होता, पोपटासारखं. आज सूरज खूष झाला की वर्षभराचा करार एकट्या ऋतिकच्या नावावर होणार होता. मग अश्विनी कोण? कुणीच नाही.

"आता ह्याचा दम बघा." ऋतिकनं काळ्या लॅपटॉपवर गेम सुरू केला. पंखे घोंघावायला लागले. "कीबोर्डच्या वरच्या जाळीतनं गार हवा आत वढतो, आन गरम हवा मागनं भाईर फेकतो. काय ताकद हाय राव!"

हेही तिचंच. पाठ केलं होतं बेट्यानं, डोक्यात काही शिरलं नव्हतं.

तेवढ्यात त्याची आई, ठकूबाई, पदर खोचून थेट कॅमेऱ्यासमोर आली. "आरं, पूजा केल्याबिगर वापरतुयास व्हय? टॅक्टर आणला तवा भंडारा उधळला, बैल आणला तवा उधळला. ह्या मशिनीनं काय घोडं मारलंय? अशे, ये पुढं. तू बहीण हायस त्याची, मान तुझा."

ऋतिकनं सूरजकडं पाहिलं. सूरज मोबाईलमध्ये डोकं खुपसून प्रेक्षकांचा आकडा बघत होता. "येऊ द्या, येऊ द्या," तो म्हणाला. "लोकांना असलं फार आवडतं."

अश्विनी पुढं झाली. तिनं दोन्ही लॅपटॉपना हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि भंडाऱ्याच्या वाटीत हात घातला. खरं तर कोपऱ्याला चिमूटभर लावला असता तरी देवाला पोचला असता. तिलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"दादा, चिमूट लावू का मूठ टाकू?"

ऋतिक कॅमेऱ्याकडं बघून हसला. "मूठ! शर्यतीच्या घाटात बैलगाडा सुटल्यावर उधळतो तसा उधळ. हात आखडू नगं!"

तिनं नाही आखडला. भरलेली मूठ तिनं बरोबर जाळीवर रिकामी केली.

पंख्यांनी भंडारा असा ओढला की जाळीवर कणही राहिला नाही. आतून आधी घरघर झाली, मग किंचाळी फुटली, आणि मागच्या फटीतून पिवळा लोट थेट सूरजच्या शर्टावर गेला. पडद्यावरचा शिपाई बंदूक उगारलेली तशीच धरून थिजला. मग सगळं काळं झालं.

"येळकोट येळकोट!" अंगणातनं गेणभाऊ ओरडला. त्याला वाटलं, असंच असतं.

"जय मल्हार!" आळी गरजली.

ऋतिकचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण करतो काय? एवढ्या लोकांसमोर देवाच्या भंडाऱ्याला शिवी देणार? त्यानं मुकाट्यानं टेबलावरची पिवळी पूड कपाळाला लावली आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "अशे, ह्ये काय केलंस?"

"तूच म्हणलास ना मूठ." अश्विनीच्या काळजात लई दिवसांनी गार वाटलं.

"अहो, लाईव्ह चालू आहे!" सूरज शर्ट झटकत होता, झटकेल तितका शर्ट आणखी पिवळा होत होता. "बोला ना काहीतरी!"

ऋतिक तोंड उघडायचा आणि मिटायचा. असं झाल्यावर काय बोलायचं, ते कुणी लिहून दिलं नव्हतं.

अश्विनीनं ताट खाली ठेवलं. त्याला खांद्यानं बाजूला सारून ती टेबलाशी बसली आणि प्लास्टिकचा लॅपटॉप पुढं ओढला.

"नमस्कार मंडळी, मी अश्विनी. दादा ह्याला बादलीचा मावसभाऊ म्हणला. आसंल. पण चांगली बादली विहिरीत पडली तरी फुटत न्हाई. ही बिजागरी बघा." तिनं एका बोटानं झाकण उचललं. बूड जागचं हललं नाही.

'ताई, इतके दिवस कुठं व्हता?' कुणीतरी कमेंट टाकली. त्याखाली आणखी एक आली, मग रांगच लागली. पिवळ्या शर्टातला सूरज खुर्ची पुढं ओढून त्या वाचायला लागला. ऋतिकही वाचत होता, उभ्या उभ्या.

ठकूबाईनं वाटी उचलली. "अगं, उरलाय की अजून. ह्याला बी टाक एक मूठ."

अश्विनीनं पटकन कीबोर्डवर दोन्ही हात पसरले.

"ह्याला नगं, काकी. ह्याला काम करायचंय."