उखळांचं गाव

घानातल्या तमाले शहराच्या वाचनालयात नेइंदूदादा नव्या पोरांना ऑनलाइन विश्वकोशात लिहायला शिकवत होता. त्यांच्यातल्या वुनपिनी नावाच्या मुलीने आपल्या गावावर पहिलाच लेख लिहिला. माहिती गावाहून फोनवर आई देत होती आणि तिच्यामागे जेवणाचे कंद कुटणारी घरोघरची मुसळं दणादण चालली होती.

जतन करण्याआधी पान कसं दिसेल ते तिने बघितलं. शेवटी एक वाक्य होतं: 'इथे पूर्वी लोक राहत असत.'

तिने ते लिहिलंच नव्हतं. खोडायला गेली, तर लिहायच्या चौकटीत ते नव्हतं. पुन्हा पान बघितलं, तर होतं.

"दादा, हे कुठून येतंय?"

"अडकलं असेल काहीतरी. जतन कर, मग खोडू."

"नको, आधी जाऊ दे ते."

"भित्री कुठली. इथे केलेला कुठलाही बदल उलटवता येतो," म्हणत त्यानेच बटण दाबलं.

फोनमधलं एक मुसळ थांबलं. मग दुसरं. मग सगळीच.

"आई?"

"थांब हं, बघते सगळे कुठे गेले ते."

दादा घाईघाईने उलटवायचं बटण शोधत होता. आईच्या चपलांचा आवाज दारापर्यंत गेला आणि तिथेच संपला.