वायरीवरचे बोंबील

गळ्याशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा! दारापुढून नवी काळी वायर गेलेली बघून धुरपाबाय कोळणीनं तिच्यावर ओले बोंबील वाळत घातले. भारानं वायर काडकन तुटली.

आतून सून किंचाळली, "आई! दुबईचं गिऱ्हाईक व्हिडिओवर सुकी मासळी बघत होतं, ते मध्येच गोठलं! इंटरनेट तोडलंत तुम्ही!"

"इंटरनेट? या दोरीतून?" धुरपाबायनं तुटकं टोक उचलून डोळ्यांशी धरलं. "अगो, मला वाटलं ते हवेतून येतं!"

सुनेचं पहिलंच मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून दोघी रडकुंडीला आल्या. संध्याकाळी वायर जोडली, तर त्याचा निरोप आलेला: "पडदा गोठला तेव्हा तुमच्या मागे, दाराबाहेर आजीबाई बोंबील वाळवताना दिसल्या. म्हणजे माल घरचाच. सगळा पाठवा!"

बरं, गिऱ्हाईक दुबईचं नव्हतं, डोंबिवलीचं होतं. तेवढंच माझ्या पदरचं.